जागचं हलायचं नाही

शाळेच्या फाटकाशी आल्या की गाडेबाई आधी हातातल्या बांगड्या उतरवून पर्समध्ये टाकायच्या. पहिल्या दिवशी मी वर्गाच्या दारातूनच विनोद केला, "काय बाई, घरी काही बरंवाईट झालं की काय?"

बाई हसल्या. "मालक धडधाकट हायेत, गुरुजी. तन्वीला किनकिन सोसत न्हाई."

तन्वी स्वमग्न. विशेष शाळेतून आमच्या चौथीत आलेली. सहामाहीपर्यंत रुळली तर राहील, नाहीतर परत, असं ठरलेलं. तिच्यासाठी त्या शाळेच्या गाडेबाई आठवड्यातून दोनदा राहुरीहून यायच्या आणि मला बजावायच्या, "शब्द जपून वापरा. तुमी बोलाल ते ती खरं धरती." मी मान डोलवायचो. न ऐकता मान डोलवण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता.

एका शुक्रवारी मेहुण्याला म्हैस घ्यायची होती, आणि म्हशीतलं मला फार कळतं असा माझा समज. दुसरे गुरुजी रजेवर. वर्गाला दरडावलं, "मी येईपर्यंत जागचं हलायचं नाही!" आणि घोडेगावचा बाजार गाठला. पोरं मला ओळखून होती. फटफटीचा आवाज विरायच्या आत सगळी मैदानात.

म्हशीचे दात बघत होतो, तेवढ्यात बाईंचा फोन. "तन्वीच्या आईनं बोलावलं म्हनून आले. शाळा सुटली, तरी पोरगी बाकावरच हाय. जेवली न्हाई, बाथरूमला गेली न्हाई."

"सांगा ना तिला, गुरुजी आले म्हणून."

"खोटं? मग उद्यापासून ती माझंबी कशाला ऐकंल? शब्द तुमचा, तुमीच येऊन सोडवा."

पोहोचलो तेव्हा तन्वी ताठ बसलेली, फ्रॉक ओला. शेजारी फरशीवर गाडेबाई. दारात आई. आणि मी, याच तोंडानं, आईला म्हणालो, "तिला समजत नाही हो. आपली शाळा तिला झेपायची नाही."

"समजत न्हाई?" बाई उठल्यासुद्धा नाहीत. "अख्ख्या वर्गात तुमचं ऐकलं ते हिनं एकटीनं."

आई म्हणाली, "खरं सांगा गुरुजी, उद्या आनू का नको?"

मग सगळं सांगितलं, म्हशीसकट. "आणा," म्हणालो. आणि तन्वीला, "मी आलो. आता ऊठ."

शनिवारी तन्वी आणि बाई आल्या. तन्वी दाराशीच थांबली. माझ्याकडे न बघता तिनं बाईंना विचारलं, "गुरुजी खरं बोलतात?"

मी आशेनं बाईंकडे पाहिलं.

"मला अजून म्हाईत न्हाई," बाई म्हणाल्या. "बसून बघू."

तन्वी आमच्याच शाळेतून पाचवीला गेली. बाईंची बदली झाली. बसून काय दिसलं, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि विचारायचं धाडस मला झालं नाही.