रोवणा सरल्यावरची तारीख

बायांनो, आज मी सुनेवर जळली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाली, "नॉर्मल होऊ शकते."

सून म्हणे, "मले सिझरच पाहिजे. धानाचा रोवणा सरला की माही माय मोकळी होते. तवाची तारीख द्या."

मी चिडवलं, "पोटातल्याले तरी विचारलं का वं?"

"त्याले कायले विचारू, आत्याबाई? मायले विचारलं."

हसली मी, पण आतून आग लागली. माह्या बाळंतपणात माही माय सिहोऱ्याच्या बांधीत धान रोवत होती. दोन दिवस मी तिच्या नावानं बोंबलली. ती आली तिसऱ्या दिवशी, पायाले चिखल घेऊन.

घरी येऊन मीच विहीणबाईले फोन लावला, "रोवणा लवकर आटपा, नाहीतं मी येते रोवाले."

तुमच्या वक्ती जवळ कोण होतं वं?