यंत्राची जागा

उन्हाचा माणसांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास कर्जत-खालापूरच्या वाड्यांमध्ये चालू आहे. त्याची जुळवाजुळव माझ्याकडे. म्हणजे मुंबईच्या साहेबांना वाड्या समजावून सांगायच्या, वाड्यांना साहेब समजावून सांगायचे आणि दोन्हीकडची बोलणी खायची. घरात टांगायला आम्ही काडेपेटीएवढं एक यंत्र देतो. ते आतलं तापमान दिवसरात्र नोंदवून ठेवतं. ज्या वाडीतली घरं जास्त तापतील, तिथे पत्र्याखाली बांबूची चटई आणि गवताचा थर बसवून द्यायचा, असं ठरलं होतं.

कशेळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत मी यंत्रं अंगणातच वाटली. परतीची जीप चुकली असती. "माणसं झोपतात तिथे टांगा," असं सांगितलं आणि वर स्वभावाप्रमाणे दमही भरला, "महागाची वस्तू आहे. बिघडली तर मला जाब विचारतील. जिवापाड जपा!"

वैशाखात, तिथलं आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंचा फोन आला. एका घरातलं तीन महिन्यांचं बाळ दुपारी तापत होतं, अंगावर नीट पीत नव्हतं. त्याच आठवड्यात त्यांनी घरोघरी उंबऱ्यातूनच, यंत्राला हात न लावता मोबाईलवर बिनतारी उतरवलेल्या नोंदी माझ्याकडे आल्या. वाडीतली सगळी घरं थंडगार!

"बाळाला दुसरं काहीतरी असेल," साहेब म्हणाले. "वाडी चटया बसवायच्या यादीतून काढा."

मला राग आला. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याशी भांडायलाही आकडे लागतात, आणि आकडे त्याच्याच बाजूने होते. मी यंत्रं परत आणायला निघाले.

आधी त्या बाळाच्या घरी गेले. पुढच्या खोलीत पत्र्याखाली झोळी होती. बाळाचं अंग घामोळ्यांनी लाल झालेलं, डोळे अर्धवट मिटलेले. दोन मिनिटांत माझाही जीव घाबरा झाला. हे घर थंड कसं?

"यंत्र कुठाय गं?"

त्याची आई मला मागच्या पडवीत घेऊन गेली. कुडाच्या भिंती, वर आंब्याची सावली. पाण्याच्या हंड्यांवर, भिंतीच्या खिळ्याला यंत्र टांगलेलं, आणि त्याला ओलं फडकं गुंडाळलेलं.

"अगं, हे इथे कशाला?" माझा आवाज चढला.

"पुढं लय तापतं, ताई. बिघडलं म्हंजे? तुमीच बोलल्या ना, जपा म्हनून. सगळ्यांनी पान्यापाशीच ठेवलंय. मी तर रोज फडकं भिजवते."

खिळ्याच्या वरच्या वाशाला दोरीचा एक फास लोंबत होता. तो कसला, असं मी विचारलं.

"झोळीचा. बाळ आदी हितंच निजायचं. झोळी हालली का तुमच्या यंत्राला लागंल, म्हनून त्याला पुढं नेला."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला मात्र माझीच लाज वाटली, आणि रडू आवरेना.

झोळी आम्ही दोघींनी पुन्हा वाशाला बांधली. यंत्र पुढच्या खोलीत लावलं आणि मी तिथूनच साहेबांना फोन केला. आधी माझी चूक सांगितली, मग फडक्याचं आणि झोळीचं. ते म्हणाले, "नव्याने नोंदी घ्या." सगळ्या घरांतली यंत्रं मी झोपायच्या जागी हलवली, आणि पंधरा दिवसांच्या नव्या नोंदींवर वाडी यादीत राहिली.

बाळाला आम्ही त्याच दुपारी कर्जतला दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी ते पोटभर पिऊ लागलं, तेव्हा कुठे मला जेवण गेलं.

आता प्रत्येक घरात खिळा मी स्वतः ठोकते, जीप चुकली तरी. आणि घरच्या बाईला पहिलं हेच सांगते, "हे बिघडलं तर बिघडू दे. बाळाची जागा याला द्यायची नाही."