तांब्याच्या आवाजाला येणारे मासे

आमच्या ओढ्यावर महादेवाच्या देवळामागे एक डोह होता. उन्हाळ्यात सगळा ओढा आटे, पण डोहात पाणी राही आणि वरखालचे मासे तिथे गोळा होत. मोठ्या खवल्यांचे, पोटाशी पिवळसर झाक असलेले, हातभर लांब. देवाचे म्हणून गावातलं कोणी त्यांना हात लावत नसे.

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, रोज सकाळी कणकेच्या गोळ्या घेऊन तिथे जात. पायरीवर रिकामा तांब्या तीनदा आपटला की मासे धावत येत. महाराष्ट्र होऊन दोन-तीनच उन्हाळे झाले होते तेव्हा मी लग्न होऊन या घरात आले. माहेराजवळच्या डोणगावच्या पुढे मी कधी आले नव्हते, इथे ओळखीचं कोणी नव्हतं. आठवड्याभरात आत्याबाईंनी तांब्या माझ्या हाती दिला. "आता तुह्या हातचं खाऊ दे त्याईले," म्हणाल्या. मासे बोटांना तोंड लावून जात. खरं सांगते, सासरी मला आधी आपलं म्हटलं ते त्यांनीच.

त्याच उन्हाळ्यात आमच्या वावरात विहीर खोदायला घेतली. खडक फोडायला परगावचे तीन सुरुंगवाले आले होते. मी त्यांची भाकर घेऊन जाई. एक दिवस त्यांतला एक म्हणाला, "तुमच्या गावात पाह्यासारखं काहीच नाही बाई."

मला राग आला. जिभेला हाड नसतं, आणि माझी तर तेव्हा फारच सैल होती. "चला, दाखवतो," म्हणून मी त्यांना डोहावर नेलं आणि तांब्या वाजवला. मासे आले. तिघे बघतच राहिले. मी ताठ मानेने घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बार उडाला, पण आवाज विहिरीकडून नाही, देवळाकडून आला. आम्ही दोघी धावलो. सुरुंगवाल्यांनी लोटा वाजवून मासे गोळा केले होते आणि मग पाण्यात सुरुंगाचा तोटा, म्हणजे दारूची पेटती कांडी, टाकला होता. मोठे मासे पोत्यात भरून ते पसार झाले होते. बोटाएवढी पिल्लं पोट वर करून तरंगत होती.

"त्याईले कोणं सांगतलं?" आत्याबाईंनी विचारलं.

"म्या."

त्या खाली वाकून मेलेली पिल्लं ओंजळीने गोळा करू लागल्या. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी तांब्या घेतला आणि ओटीत खडे भरले. पायरीवर तीनदा आवाज केला. चार लहान मासे आले. आत्याबाईंनी त्यांच्यावर खडे फेकले. "तूही मार," म्हणाल्या. "भेऊ दे त्याईले या आवाजाले."

मी मारले. पण ते खड्याला गोळी समजून तोंड उघडत आणि पुन्हा वर येत. माझा हात चालेना.

आठ दिवस आम्ही रोज गेलो. नवव्या दिवशी तांब्या वाजवला, कोणीच आलं नाही.

"शिकले बाई, शिकले," आत्याबाई म्हणाल्या आणि पायरीवर बसून रडू लागल्या. ते खरंच शिकले होते की उरलेच नव्हते, हे आम्ही दोघींनी कधीच एकमेकींना विचारलं नाही.