पेटिफरसाहेबांचं भुयार

आमच्या गावात लिलाव पुकारणारे क्लॅरेन्स पेटिफर थोर देशभक्त होते, असं त्यांच्या थडग्यावर कोरलंय. दगड बिचारा काय करणार, कोराल ते सोसतो.

१९४० साली इंग्लंडात जर्मन आज उतरतात की उद्या, अशी धास्ती होती. उतरलेच, तर जमिनीखाली दडून मागून घातपात करायला तिघांची गुप्त टोळी झाली. पेटिफर तिचे म्होरके. बायकोलाही सांगायचं नाही, अशी शपथ होती. ती पाळताना साहेब रस्त्याने असे ओठ आवळून चालायचे, की पाववाल्यालाही कळलं, काहीतरी गुपित आहे.

रानातलं भुयार खणलं माझ्या वडिलांनी. सायलस ब्रॅडल, विहिरी खणणारे. टोळीबाहेर ती जागा ठाऊक असलेले ते एकटेच.

मग पेटिफर दर रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायला येऊ लागले. ससा रेशनवर नव्हता. बाबा पकडायचे, मी कालवण करायची. एकदा तोंडात घास धरूनच त्यांनी विचारलं, "सायलस, मागच्या दाराला कडी लावतोस का रे? आणि झोपतोस कुठल्या खोलीत?"

बाबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कडी कशाला, साहेब? आमच्याकडे कोण येतंय! नेल, साहेबांना अजून वाढ."

पुढे चार वर्षं 'नेल, अजून वाढ' हेच पालुपद. आम्ही दोघं बटाट्यांवर भागवायचो. मला संताप यायचा.

युद्ध सरत आलं, टोळ्या मोडल्या. त्या रविवारी पेटिफर हसत म्हणाले, "आता सांगायला हरकत नाही. जर्मन उतरले की आम्ही भुयारात शिरणार, आणि बाहेर पडून पहिली गोळी तुला. जागा तुला ठाऊक ना! मीच घालणार होतो. मनाला लावून घेऊ नकोस हं, हुकूमच होता तसा."

चार वर्षं आमचं मीठ खाऊन हा माणूस बाबांची खोली हेरत होता! मला किळस आली.

बाबा शांतपणे पाईप भरत होते. "ठाऊक होतं. कडी विचारलीत तेव्हाच. भुयाराचं तोंड केवढं आहे, ते मीच खणलंय ना! तुम्ही आत शेवटचे कधी उतरलात?"

पोटावर ताणलेली बटणं चाचपत पेटिफर लालबुंद झाले. "मी... मी बाहेर पहारा करायचो."

"कधीपासून?"

"एक्केचाळीसच्या सुगीपासून."

"मग मला काय धाड भरणार होती?" बाबा म्हणाले. "नेल, साहेबांना वाढ."

मी वाढलं. आणि तुम्हाला खोटं वाटेल, त्यांनी ते खाल्लं.