टाकून दिलेलं उत्तर

माझ्या शाळेतल्या गणिताच्या नान्हेबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दहावीच्या वर्गात फळ्यावर वर्गसमीकरण सोडवत होते. पलीकडे त्यांचा भाचा होता. "आत्या गेली, ताई... पहाटे, झोपेतच." मी फोन ठेवला आणि फळ्याकडे वळले. एकच उत्तर लिहून झालं होतं. दुसरं लिहिलं आणि मगच वर्ग सोडला. पोरींना माझं वागणं विचित्र वाटलं असेल, पण अर्धं गणित टाकून गेले असते तर बाईंनी मेल्यावरही मला दारातून परत पाठवलं असतं.

शोकसभेत सगळे म्हणाले, बाई मनमिळाऊ होत्या, त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही. धादांत खोटं! बाई हट्टी होत्या, भांडखोर होत्या, आणि माझ्यासारखी आसगावच्या मासेमार ढीवराची पोर आज गणित शिकवते ती त्यांच्या त्या भांडखोरपणामुळे. मेलेल्या माणसाला गोड करून टाकायची आपली खोड आहे. माझ्या बाईंच्या बाबतीत मी ती चालू देणार नाही.

बीजगणिताचा इतिहास त्या घरच्या गोष्टींसारखा सांगत. नावं मात्र क्वचितच घेत. "नाव सांगतलं का तुमी पाठ करता, समजून घेत नाही," म्हणत. शून्याशी आणि ऋण संख्यांशी कसं वागायचं याचे नियम घालून देणारा राजस्थानकडचा आजोबा, अज्ञात राशींना काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावं देणारे आपले जुने पंडित, आणि ज्याच्या पुस्तकाच्या नावातून अर्ध्या जगानं या विषयाचं नाव उचललं तो बगदादचा विद्वान... हे सगळे आमच्या वर्गात पाहुण्यांसारखे येऊन बसत. एकदा बाईंनी एका आचार्याचं वानरांचं कोडं घातलं. टोळीचा पाचवा भाग घ्या, त्यातून तीन वजा करा, त्याचा वर्ग करा. तितकी वानरं गुहेत शिरली आणि एक झाडावर उरलं. टोळी केवढी? उत्तरं दोन निघाली, पन्नास आणि पाच. पण पाच धरले तर पाचवा भाग येतो एक, आणि त्यातून तीन गेले की उणे दोन. आचार्यांनी पाच सोडून दिले, कारण ऋण राशी लोकांना पटत नाही.

"मंग बरोबर केलं ना, बाई," मी म्हटलं. "उणे दोन वानरं कुठं रायते का?"

"लोकाईले पटत नाही म्हणून उत्तर खोटं होते काय वो? पण मोठा माणूस होता तो. टाकताना कारण लिहून ठेवलं, म्हणून आठशे वर्षांनी मले त्याच्यासंग भांडता येते. उत्तर टाकाचं असंल तं कारण लिहाचं. बिनकारणाचं टाकाचं नाही."

तेव्हा आमच्या शाळेत एक रीत होती. दहावीचा निकाल चांगला लागावा म्हणून कच्च्या पोरांना बीजगणित सोडायला लावायचं आणि सामान्य गणित द्यायचं. कच्चं कोण, हे मात्र मार्कांपेक्षा घर पाहून ठरे. माझे बाबा तलावात जाळं टाकायचे. चाचणीत वर्गात दुसरी येऊनही माझं नाव कच्च्यांच्या यादीत आलं. सामान्य गणित म्हणजे पुढे विज्ञान शाखेचं दार बंद. मुख्याध्यापक सरांनी बाबांना बोलावून सांगितलं, "पोरीले कायले तरास? पास तं होईल." बाबा मान डोलावून सही करायला वाकले, तेवढ्यात बाईंनी त्यांच्या हातातला फॉर्म ओढला आणि सरांपुढे ठेवला.

"इथं लिहा, सर. 'या पोरीले बीजगणितातून काढलं, कारण...' पुढचं तुमी लिहा."

"बाई, काहून वाद वाढवून राहिल्या?"

"वाद नाही. कारण मागून राहिली."

सरांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. खरं कारण कागदावर लिहिण्यासारखं नव्हतंच. मी दाराआडून पाहत होते. थोड्या वेळानं माझं नाव यादीतून निघालं, आणि माझ्यासोबत आणखी चौघींचं. पुढच्या वर्षापासून बाईंना दहावीचा वर्ग मिळाला नाही. निवृत्त होईपर्यंत पाचवी-सहावीच. त्याचं कारण त्यांना कुणी लिहून दिलं नाही. मला अजून राग येतो.

बाई काही रडत बसल्या नाहीत. त्यांनी घराचं मागचं दार आतून काळं रंगवलं आणि दर रविवारी दहावीचं बीजगणित तिथं सुरू केलं. शेवटच्या रविवारपर्यंत ते चाललं.

परवा मी बाईंच्या घरी होते, तेव्हा भाचा रंगाचा डबा घेऊन आला. घर भाड्यानं द्यायचं, काळं दार बरं दिसत नाही म्हणे. दारावर बाईंच्या अक्षरात शेवटचं गणित होतं, दोन्ही उत्तरांसकट. त्यातलं एक उणे. मी त्याच्या हातात खडू दिला.

"पुसाचं असंल तं पुस, दादा. पण बाजूले कारण लिही."

त्यानं खडू चौकटीवर ठेवून दिला. "तुमी बी आत्यावरच गेल्या, ताई," म्हणाला आणि डबा उचलून निघून गेला.

रविवारी सात पोरी आल्या. मी त्यांना दारासमोर बसवलं आणि उणे उत्तरापासून सुरुवात केली.