लाल वळूची शेवटची कांडी

माझी बायको जाऊन आता वर्ष होत आलं. लोक म्हणतात, तिच्याबद्दल चांगलं सांगा. सांगतो, पण ती भांडखोर होती हे आधी सांगतो, नाहीतर पुढचं खोटं वाटेल. आमच्या भांडणाचा विषय संसारभर एकच राहिला, गाय. मी लातूरकडचा, आमच्याकडं देवणी. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, लोंबते कान. ती नांदेड जिल्ह्यातली, उमरीकडची. त्यांच्याकडं लाल कंधारी. लग्नात तिच्या आईनं एक लाल कालवड आंदण दिली होती. ती कालवड म्हातारी होऊन गेली, तिची एक लेक आमच्या दारात राहिली. दोन्ही वेताला त्या लेकीला गोऱ्हेच झाले. आता एक लाल पाडी व्हावी आणि आईच्या दारातलं बी पुढं चालावं, एवढंच बायकोच्या मनात होतं. सोनं-नाणं तिनं मला कधी मागितलं नाही. पाडी मागायची, जशी काही मीच देणार होतो.

एका अर्थानं देणार मीच होतो. मी गुरांच्या दवाखान्यात परिचर. शिक्षण चौथीपर्यंत. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा जुन्या जिल्ह्याच्या गावाहून आमच्याकडं नायट्रोजनचे दोन कंटेनर आले. दिसायला दुधाच्या कॅनसारखे, पण आत इतकी थंडी की बोट घातलं तर बोट जाईल. त्या थंडीत वळूंचं वीर्य काडीएवढ्या बारीक नळ्यांत भरून ठेवतात. त्याला आम्ही कांडी म्हणायचो. कांडी वर्षानुवर्षं टिकते, फक्त नायट्रोजन संपता कामा नये. आणि तो रोज उडतो. वापरा, नका वापरू, उडतोच.

डॉक्टरसाहेब भले माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की झाकण उघडायच्या आधी कांडी कुठं आहे ते माहीत पाहिजे, उघडून शोधायचं नाही. आत लांब दांडीचे डोल असतात, त्या डोलांत कांड्यांचे दोन थर. डोल वर ओढून शोधत बसलं की बाकीच्या कांड्या गरम होऊन मरतात. मेलेली कांडी दिसायला जिवंत कांडीसारखीच. गाय गाभण राहिली नाही म्हणजे कळायचं.

मला इंग्रजी अक्षरं पटकन लागायची नाहीत. साहेब म्हणाले, दांड्यांना खुणा कर. घरी बायकोला सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली. गल्लीतल्या बायकांना सांगत सुटली की आमचे हे वळूंचे कारकून झाले. मग स्वतःच जुन्या लुगड्यांचे काठ फाडून दिले. देवणीला काळा, जर्सीला पिवळा. लालचा काठ मात्र तिनं चांगल्या लुगड्याचा फाडला. मी म्हणालो, अगं, नवं आहे ते. ती म्हणाली, मग काय झालं, बैल कुणाकडचा आहे ते बघा.

लाल कंधारीच्या कांड्या मोजक्याच आल्या होत्या. लातुरात त्या कुणी मागत नव्हतं.

मग दुष्काळ पडला. गावाबाहेर गुरांची छावणी लागली. आमची गायही तिथंच, कारण दारात टाकायला चाऱ्याची काडी नव्हती. बायको रोज सकाळी छावणीत जायची, गाईच्या पाठीवरून हात फिरवायची आणि येऊन मला सांगायची, आजबी न्हाई. म्हणजे गाय माजावर आली नाही. येणार कशी, बरगड्या निघालेल्या. पोटात अन्न नसलं की जनावराचं अंग थंडावतं. साहेबांनीही तेच सांगितलं. पाऊस होईपर्यंत आशा धरू नका म्हणाले.

त्यात नायट्रोजनची गाडी येईना. जिल्हा नवा, ऑफिस नवं, पण मागणी अजून जुन्याच ठिकाणी जायची आणि तिथले म्हणायचे, तुम्ही आता आमचे नाहीत. आत लाकडी पट्टी बुडवून बाहेर हलवली की जेवढी पांढरी पडते तेवढा माल शिल्लक. पट्टी रोज कमी पांढरी पडू लागली. शेवटी साहेबांनी सांगितलं, दोन्हीतला नायट्रोजन एकात करा, सगळं एका कंटेनरमध्ये बसवा, मावणार नाही ते टाकून द्या. जे कुणी मागत नाही ते आधी टाका.

कुणी मागत नाही म्हणजे काय ते मला कळलं.

घरी आलो, जेवताना सांगितलं. बायकोनं भाकरी थापता थापता विचारलं, थंडी आधी कुठली जाते, वरची का तळची? मी म्हणालो, वरची. ती म्हणाली, मग उतरंडीवाणी लावा की. रोजचं पीठ वर, बियाणं तळाच्या गाडग्यात. तळाला कोण हात घालतंय.

तसंच केलं. रोज लागणाऱ्या देवणीच्या कांड्या वरच्या थरात, लाल तळाशी. जुन्या जर्सीच्या बऱ्याचशा टाकून द्याव्या लागल्या. लालमधल्याही टाकल्या, एक राहिली. साहेब शेजारीच उभे होते. त्यांनी लाल काठ बघितला, माझ्याकडं बघितलं आणि चष्मा पुसायला घेतला. म्हणाले, तळाशी जागा उरलीच आहे तर राहू दे.

त्याच आठवड्यात छावणीतून एक म्हातारा आला. भोकरकडचा शेतकरी, तिकडं चारा मिळेना म्हणून लेकीच्या गावी गुरं घेऊन आलेला. त्याची लाल गाय माजावर आली होती. हातातलं मुंडासं पिळत म्हणाला, देवणी नको, लालचं असेल तर बघा, न्हाई तर ऱ्हाऊ द्या, परत जातो. साहेब माझ्याकडं बघायला लागले. कांडी सरकारी होती, पण ती कुणासाठी राखली हे त्यांना ठाऊक होतं. मी म्हाताऱ्याला बसायला सांगितलं आणि सायकल काढून घरी गेलो.

बायको दारात ज्वारी निवडत होती. मी सगळं सांगितलं. पट्टी कशी जेमतेम पांढरी पडते तेही सांगितलं. तिनं सूप हलवत विचारलं,

"आपली गाय कधी येईल माजावर?"

"पाऊस पडल्यावर. साहेब म्हणत होते."

"आन् कांडी तवर ऱ्हाईल का?"

"गाडी आली तर राहील."

"गाडीचं काय सांगता. तुमच्या नव्या जिल्ह्याला नीट पत्ताबी न्हाई." मग सूप खाली ठेवून म्हणाली, "द्या त्याला. मरून ऱ्हायली तर ना त्याची ना माझी. जावा लवकर, गाय थांबत नसती."

मी निघालो तर मागून ओरडली, "हात थरथरू देऊ नका."

कांडी मीच काढली. कोमट पाण्यात धरली, साहेबांनी गाय भरवली. म्हातारा रोज आमच्या बायकोला छावणीत रामराम घालायचा. पाऊस झाल्यावर तो गावी गेला. पुढं त्याच्या लेकीनं निरोप आणला, लाल पाडी झाली. बायकोनं गल्लीत साखर वाटली. लोक मला विचारायला लागले, नातू झाला का. मी सांगितलं, भोकरला गाय व्याली. लोक हसले, ती हसली नाही.

आमची गाय त्याआधीच, दिवाळीच्या सुमारास माजावर आली होती. गाडी आली होती, नायट्रोजन काठोकाठ होता, पण लाल कांडी एकही नव्हती. साहेबांनी नांदेडला विचारलं, तिथंही नव्हती. गाय उतरत्या वयाची, हे तिचं शेवटचंच वेत असणार. मी घरी येऊन सांगितलं, लाल नाही.

"काय हाय मग?" बायकोनं विचारलं.

"देवणी."

"भरवा."

पाडी झाली. पांढरी, ठिपक्याची, लोंबत्या कानांची. मी दवाखान्यातून मुद्दाम उशिरा आलो. बघतो तर हिनं ती पुसून कोरडी करून मांडीशी घेतलेली. मला बघून म्हणाली, "कानं तुमच्या गावाची हायेत, लई मोठी." मग तिच्या तोंडात बोट घालून चोखायला दिलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "पाणी गरम करा. उभे काय ऱ्हायलाव."

मी चूल पेटवायला बसलो.