कोरड्या चपला

शांताक्का नसत्या तर त्या पावसाळ्यातच माझी नोकरी सुटली असती आणि मी पोरीला कडेवर घेऊन माहेरची, वाशिमची गाडी धरली असती. हे आधी सांगून टाकते, बाकीचं मागाहून.

शाहूपुरीत पंपांच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. लाकडी जिना, दारातच देवाचा फोटो, म्हणून चपला बाहेर काढायच्या. मालक हजेरीचं पुस्तक कधी उघडत नसत. जिना चढून आले की दारातल्या चपला बघत. पाच जोड दिसले की ऑफिस भरलं.

शांताक्का तिथल्या सगळ्यात जुन्या. निपाणीकडच्या, कपाळाला विभूती, आणि बाई असून "मी जातो, मी येतो" असं बोलणाऱ्या. मी नववीतून शाळा सोडलेली, लग्न करून इतक्या लांब आलेली. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. टाइपरायटरवर बोटं ठेवायला मला अक्कांनीच शिकवलं. चुकलं की ओरडायच्या, "बोटं हायत का भेंड्या?" आणि लगेच डब्यातली भाकरी माझ्यापुढं सरकवायच्या.

पोरगी तीन वर्षांची असताना ओट्यावरून पडली. मांडीचं हाड मोडलं, दोन महिने प्लास्टर. तिच्याजवळ बसायला इथं माझं कुणीच नव्हतं. मालकांना म्हटलं, पत्रं घरी टाइप करते, पाकिटांवर पत्ते घालते, आवक-जावकची वही लिहिते.

"घरात बसून ऑफिस हुतंय व्हय, बाई?" मालक म्हणाले. "सोमवारी या, न्हायतर मी दुसरं माणूस बघतो."

मी रडत बाहेर आले. अक्कांनी दंडाला धरून जिन्यात नेलं. "तू घरी बस. काम मी आणतो. आनि चपला हितंच ठेव."

"चपला?"

"व्हय. अनवाणी जा."

मी खरंच अनवाणी घरी गेले. संध्याकाळी अक्का रिक्षातून ऑफिसचा जुना टाइपरायटर, फायली आणि माझ्यासाठी स्वतःच्या जुन्या स्लिपर घेऊन आल्या. तेव्हापासून रोज सकाळी त्या माझ्या निळ्या पट्ट्यांच्या चपला कपाटातून काढून दारातल्या रांगेत मांडायच्या. मालक पाच जोड बघून आत जायचे. विचारलंच तर, "आतल्या खोलीत फायली लावत्या की."

बारा दिवस हे चाललं. माझं काम इतकं नीट कधीच झालं नव्हतं, कारण मध्ये उठवायला कुणी नव्हतं. मालकांच्या टेबलावर घंटा होती; दोनदा वाजली की ती माझी. आता दर वेळी अक्का उठत होत्या. कागलचे पाहुणे आले, चहा सांगा. परवाची पावती शोधा. इथं शिक्का मारा. संध्याकाळी माझ्याकडं येऊन बसल्या की गुडघे चोळायच्या. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, टाइपिंग हे माझं निम्मंसुद्धा काम नव्हतं. बाकी सगळं उठणं होतं.

तेराव्या दिवशी सकाळपासून धो-धो पाऊस. मालक छत्री झटकत वर आले. दारात चार जोड निथळत होते आणि पाचवा खडखडीत कोरडा.

"अक्का, पावसानं हिच्या चपला तेवढ्या वळखून सोडल्या व्हय?"

संध्याकाळी माझ्या घरी हे सांगताना अक्का डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "तांब्याभर पाणी वतायचं डोस्क्यातच आलं न्हाय बघ!"

"काढलं का मला?"

"काढतोय कसला! त्येला म्हटलं, तेरा दिसांत एक कागद चुकला असंल तर दावा. म्हणतोय, कागद न्हाई चुकला, पर हाक मारली की माणूस दिसाय पायजे. मी म्हटलं, मी दिसतो की. तिची पोरगी चालाय लागूस्तवर तिच्या वाटणीचं मी उठतो."

आणि प्लास्टर निघेपर्यंत त्या उठल्या. एक घंटा त्यांची, दोन घंटा माझ्या, सगळ्यांना त्याच. माझी खुर्ची मला परत मिळाली.

पुढं कॉम्प्युटर आला, ईमेल आला. वाटलं, आता तरी बदलेल. तोवर अक्कांचे गुडघे पार गेले होते, जिना चढवेना. घरी बसून जमेल असं काम त्यांच्यासाठी मागत मी शाहूपुरीतली पाच-सहा ऑफिसं पालथी घातली. डिझाइनवाला घरून कागद पाठवतो, चालतं. हिशेब तपासणारा फायली घरी नेतो, तेही चालतं. आमच्यासारखीनं घरून चार पत्रं करते म्हटलं की यांच्या कपाळाला आठ्या. एकानं तर सरळ विचारलं, "मग पाहुणं आल्यावर च्या कोण सांगणार?" मला इतका संताप आला, पण नमस्कार करून जिना उतरले. आपली नोकरी जाईल ही भीती मला तेव्हाही होती, आजही आहे.

अक्कांना सांगितलं, तर म्हणाल्या, "टायपिंग बोटांनी करत्यात, पर ह्यांला गुडघंच लागत्यात." त्याच आठवड्यात त्या भावाकडं निपाणीला गेल्या. त्यांना एस.टी.त बसवून मी ऑफिसला परतले, तर दारात तीनच जोड होते. मी चौथा काढला आणि आत गेले.

आता मालकांचा मुलगा बसतो. टेबलावर दोन कॉम्प्युटर आहेत, तरी जिना चढून तो आधी चपलाच बघतो. मी अक्कांच्या खुर्चीवर बसते; घंटा वाजली की अजून मीच उठते.

पण अक्का, कुणाला कोणतं काम द्यायचं हे एक ना एक दिवस माझ्या हातात येईल. त्या दिवशी पहिला गठ्ठा घेऊन मी स्वतः निपाणीला येईन. तुम्ही घरी बसून पत्रं करा. इकडं घंटा वाजली, तर तुमच्या वाटणीचं मी उठेन.